प्रवास टाळावा

मगरे सरांच्या समोर ‘आज फार ऊन आहे’ असे म्हणण्याची सोय नव्हती. म्हणणारा सरपंच असो, केंद्रप्रमुख असो की टोपलीतून मिरच्या विकायला आलेली म्हातारी असो, सर थांबत, चष्मा कपाळावर चढवीत आणि अगदी मृदू आवाजात विचारीत, “किती?”

समोरचा गोंधळून जाई. ऊन किती आहे याचे उत्तर आपल्याजवळ असायला हवे, ही कल्पना पिंपळगाव रेणुकाईत तोवर कोणाला शिवली नव्हती. मग सर स्वतःच सांगत, “एकोणचाळीस पूर्णांक चार. ‘फार’ हा शब्द चाळीसच्या पुढे वापरावा.” एवढे सांगून ते चालू लागत आणि ऐकणारा, आपले ऊन कोणीतरी काढून नेल्यासारखा, तिथेच उभा राही.

सर भूगोल शिकवीत आणि मी मराठी. आमच्या शाळेच्या मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडापासून मोजून अंतर राखून, चार पायांवर उभी असलेली एक पांढरी लाकडी पेटी होती. झडपांच्या भिंती, वर दुहेरी छप्पर, आत तापमापक. कोणत्या तरी योजनेत ती शाळेला मिळाली होती आणि देणारे पुढे तिला विसरून गेले होते. पहिल्या वर्षी सरांनी दर महिन्याच्या नोंदी वर पाठवल्या. पोच आली नाही. दुसऱ्या वर्षीही पाठवल्या. तिसऱ्या वर्षी त्यांनी पाठवणे थांबवले, नोंदवणे मात्र थांबवले नाही. “समजा, त्यांनी एकाएकी विचारलं आणि आपल्याकडे नसलं, तर?” असे ते म्हणत. मी त्या शाळेत नोकरी केली तेवढ्या सगळ्या वर्षांत कोणी विचारले नाही. सर तयार होते.

दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटांनी काळी छत्री उघडून सर मैदान ओलांडायला निघत. उंच, काटकुळे, कानामागे दोऱ्याने बांधलेली पेन्सिल. फाटकासमोर रशीदचाचांचे चहाचे हॉटेल होते. छत्री दिसली की चाचा दुधाचे पातेले शेगडीवर चढवीत. त्यांच्या भिंतीवरचे घड्याळ केव्हाच बंद पडले होते आणि ते दुरुस्त करण्याची त्यांना कधी गरज वाटली नाही. पेटीपाशी पोचल्यावर सर दार उघडत आणि श्वास रोखीत. माणसाच्या उच्छ्वासाने पारा फसतो, असे ते शिकवीत. त्यामुळे त्यांच्यासोबत वर्ग गेला असेल तर पन्नास मुलेही गाल फुगवून, डोळे मोठे करून, श्वास रोखून उभी राहत. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, मुलांना कसली तरी सामुदायिक शिक्षा झाली आहे.

हे सगळे सुट्टीतही चाले. दिवाळीत चाले, मतदानाच्या दिवशी चाले आणि स्वतःच्या मुलीच्या लग्नातही चालले.

सुजाता ही सरांची एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाचा मांडव शाळेच्या मैदानावरच होता. जागेच्या निवडीमागचे कारण त्या दिवशी दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. विवाहाची वेळ साडेबाराची होती. पण जालन्याहून यायचे वऱ्हाड भोकरदनला चहाला थांबले ते पावणेदोनला पोचले. त्रिशरण-पंचशील झाले, गाथा सुरू झाल्या, अक्षता म्हणून वाटलेल्या फुलांच्या पाकळ्या लोकांच्या मुठीत कोमेजू लागल्या, आणि वधूवरांशेजारी उभे असलेले वधूपिता हळूहळू मागे सरकू लागले. लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी डोळे उघडले तेव्हा जागा रिकामी होती.

“मुलीचे वडील कुठायत?” वराच्या वडिलांनी विचारले.

सुजाताने मुंडावळ्या बाजूला न करताच सांगितले, “अडीच वाजले असतील. बाबा येतीलच. थांबा जरा.”

चारशे माणसांनी माना वळवल्या. उन्हात, दूर, नव्या कोऱ्या सदऱ्यातले सर पेटीसमोर छत्री धरून उभे होते. त्यांनी श्वास रोखला. पुढच्या रांगेतल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनीही, सवयीने, रोखला. परत येऊन सर आपल्या जागी उभे राहिले तेव्हा व्याही रागावलेले होते. “काय हो गुरुजी, एवढं काय अडलं होतं?”

“सदतीस पूर्णांक आठ,” सर म्हणाले आणि पाकळ्यांसाठी हात पुढे केला.

पुढे सुजाता नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला. तिथे सकाळी समुद्रात पाय बुडवावेत, दुपारी डोंगरावर सूचिपर्णी झाडांखाली डबा खावा आणि संध्याकाळच्या चहाला वाळवंटात असावे, एवढे सगळे एका दिवसाच्या टप्प्यात आहे, हे तिने फोनवर सांगितले तेव्हा सर दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. आयुष्यभर त्यांनी ही तीन प्रकरणे तीन वेगवेगळ्या महिन्यांत शिकवली होती. स्वतः त्यांनी समुद्र पाहिला नव्हता आणि वाळवंटही नाही. डोंगर म्हणावा तर आमच्या बाजूला अजिंठ्याच्या रांगेचा एक दमलेला फाटा येतो, तेवढाच.

सर निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी वारल्या, त्यानंतर सुजाता त्यांना दर उन्हाळ्यात बोलावू लागली. तिने आग्रह करून पासपोर्ट काढायला लावला होता. तो नोंदवह्यांच्या कपाटात पडून होता. मग नात झाली. तिचे नाव मैत्री. तिचा पहिला वाढदिवस सरांनी फोनच्या पडद्यावर पाहिला, दुसराही, तिसराही. ‘येत नाही’ असे त्यांनी लेकीला कधीच म्हटले नाही. ते तिला हवामान कळवीत.

दर मार्चमध्ये सर माझ्या घरी येत. माझे अक्षर बरे असल्यामुळे पक्की प्रत मी करायची, असे ठरून गेले होते. महिनाभर फोनवर तिकडची हवामानाची पाने वाचून, जुन्या नकाशावर पेन्सिलने वाऱ्यांचे बाण काढून ते तयारीने आलेले असत. डोळे मिटून सांगू लागत.

“लिहा. उन्हाळी हवामान, दृष्टिक्षेप. किनारा: मे आणि जूनमध्ये सकाळी दाट ढग. सूर्यदर्शन दुपारनंतर. समुद्राचे पाणी थंड. ज्येष्ठांच्या सांध्यांना अपायकारक. पुढं. डोंगर: दिवसा सुखद, सूर्यास्तानंतर एकदम गारठा. गवत वाळल्यावर वणव्याचा संभव. वाळवंट: जुलैत पंचेचाळीसच्या वर. दक्षिणेकडून दमट वारे शिरल्यास दुपारी गडगडाट.” इथे ते डोळे उघडत. “निष्कर्ष: प्रवास टाळावा.”

त्याचा फोटो काढून सुजाताला पाठवला जाई आणि मूळ कागद रशीदचाचांच्या हॉटेलात भिंतीवर लागे. गावाला त्या कागदाचा लळा लागला. दोन-तीन वर्षांत अशी अवस्था आली की माणसे चहा पिताना, आपल्या खळ्यावरच्या गोष्टीसारखी, किनाऱ्यावरच्या ढगांची चौकशी करीत. एकदा सुजाताने व्हिडिओ कॉलवर सांगितले की आज इथे एकशे चार आहे. चाचांनी हातातली कपबशी खाली ठेवली. “एकशे चार? अगं माय, डॉक्टरला दाखवलं का न्हाई?” सरांनी सगळ्या हॉटेलाला फॅरनहाइटचे सेल्सिअस करायला शिकवले. ते कोणाला आले नाही. पण सुजाताला ताप नाही, एवढे पटले.

त्या कागदातली गोम पहिल्यांदा चाचांनीच पकडली.

“सर, किनाऱ्यावर तुमचे सांधे दुखतेत, डोंगरात वणवा लागतो, अन् वाळवंटात तर जीवच जातो. बराबर?”

“बरोबर.”

“मंग लेकीचं घर नेमकं कुठंय?”

“तिन्हींच्या मधे.”

“तिथं कसं हाये हवामान?”

सरांनी बशीत चहा ओतला. “बरं आहे.”

“बरं म्हंजे,” चाचांनी चष्मा नसलेल्या कपाळावर बोट नेले, “किती?”

हॉटेलात जो हशा पिकला तो फाटकापर्यंत ऐकू गेला. सर हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, छत्री घेतली आणि दोनच वाजले होते तरी पेटीकडे निघून गेले. त्या दिवशी ते तिथे अर्धा तास नुसते उभे होते.

आमच्या गावाची मिरची प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात रोपे लावायची तर पुढचे आठ दिवस ऊन किती तापणार, यावर सगळे असते. सांडूअण्णा हे मिरचीचे मोठे बागायतदार. सरांच्या पहिल्या तुकडीतले, म्हणजे त्यांच्यापेक्षा फारतर दहा वर्षांनी लहान. दर एप्रिलमध्ये ते सरांच्या मागे लागत आणि दर एप्रिलमध्ये सर एकच उत्तर देत. “काल काय झालं ते सांगतो. मागच्या पंचवीस वर्षांत ह्या आठवड्यात काय झालं तेही सांगतो. उद्याचं विचारू नको.”

एका वर्षी अण्णा चिडले. भिंतीवरच्या कागदाकडे हात करून म्हणाले, “सर, हे तुमचं बरं हाये. सात समुद्रापलीकडचं सगळं सांगून राह्यले, अन् आमच्या रोपाचं विचारलं की न्हाई म्हणता!”

“अरे, तिकडचं सांगायला मला भीती वाटत नाही,” सर म्हणाले. “तिकडे माझ्या शब्दावर कोणी रोप लावत नाही.”

अण्णा उठले होते; ते पुन्हा बाकावर बसले. आवाज खाली आणून म्हणाले, “लेक लावती ना, सर. दर साली रजा टाकून बसती. मागल्या साली खोली रंगवून ठेवल्ती म्हणं तुमच्यासाठी.”

मी तेव्हा चाचांकडे वर्गाच्या निरोपसमारंभाचा चहा सांगायला आले होते. चहा न सांगताच परत फिरले. सरांचा तो अर्धा कप बशीतच राहिला असे चाचा नंतर म्हणाले. तरीही पुढच्या मार्चमध्ये सरांनी मला तेच सांगितले. तेच ढग, तोच वणवा. शेवटची ओळ सांगताना मात्र त्यांनी डोळे उघडले नाहीत.

आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी सर माझ्या दारात उभे राहिले. फोन दोन्ही हातांत धरलेला, एखादे जखमी पाखरू धरावे तसा.

“बाई, हे बघा. ह्याला पेटी म्हणायचं?”

सुजाताने आपल्या अंगणात तापमापकाची पेटी बसवली होती. पांढरी, झडपांची, आमच्यासारखीच. हिरवळीवर उभी. दार सताड उघडे आणि मावळतीचे सोनेरी ऊन थेट आत, तापमापकावर. उलट्या बादलीवर चढून पाच वर्षांची मैत्री आत डोकावत होती. तोंड उघडे, श्वास खुशाल चालू. खाली सुजाताने लिहिले होते: ‘बाबा, आजपासून नोंदी सुरू. सुमारे एकतीस.’

“दार पश्चिमेला आहे,” सर म्हणाले. “पश्चिमेला! म्हणजे उन्हाला पाट मांडून दिला. आणि सुमारे? सुमारे म्हणजे काय? सुमारे हा शब्द मी घरात कधी येऊ दिला नव्हता.”

“नात गोड दिसते आहे,” मी म्हणाले.

सरांनी फोन पुन्हा पाहिला. त्यांनी आतापर्यंत बहुधा दारच पाहिले होते. फोन त्यांनी डोळ्यांजवळ नेला. “ती श्वास रोखत नाहीये,” शेवटी म्हणाले. “तिला कोणीतरी दाखवायला पाहिजे.”

मला एक जुनी गोष्ट आठवली. सुजाता सातवीत असताना शाळेची तपासणी झाली. पाहुण्या साहेबांनी पेटीकडे बोट दाखवून वर्गाला विचारले, हिचे दार उत्तरेलाच का? सगळे खाली पाहू लागले. सुजाता उभी राहिली. “साहेब, सूर्य आपल्याकडे बहुतेक दिवस दक्षिणेच्या अंगाने जातो. दार उत्तरेला असलं की उघडलं तरी त्याला आत येता येत नाही.” साहेबांनी शाबासकी दिली होती. ज्या मुलीला हे सातवीत येत होते ती आपल्या अंगणात दार पश्चिमेला कशी बसवील? पण मी हे सरांना बोलून दाखवले नाही. तेवढे धैर्य मला नव्हते आणि शहाणपणही त्यातच होते.

त्यानंतर रोज एक आकडा येऊ लागला. सुमारे तेवीस. पंचवीसच्या आसपास. एकदा तर नुसतेच ‘बरेच’. सरांची झोप गेली. त्या मार्चमध्ये ते माझ्याकडे बसले तेव्हा किनारा, डोंगर आणि वाळवंट अर्ध्या वेळात आटोपले. ‘निष्कर्ष’ म्हटल्यावर मी सवयीने ‘प्रवास’ हा शब्द लिहूनही टाकला.

“थांबा,” सर म्हणाले.

बाहेर कोणाच्या तरी अंगणात मिरच्या वाळत होत्या. वाऱ्याबरोबर त्यांचा ठसका आला आणि आम्ही दोघेही शिंकलो. सरांनी डोळे पुसले.

“लिहा. प्रवास एप्रिलच्या पूर्वार्धात करावा.”

रशीदचाचांनी तो कागद भिंतीवर लावला, एकदा वाचला, पुन्हा वाचला, आणि रस्त्यावर येऊन ओरडले, “ओ सांडूअण्णा, जल्दी या! वणवा विझला!”

प्रश्न उरला होता पेटीचा. आठ दिवस सरांनी मला शिकवले. डोळा पाऱ्याच्या पातळीत. दशांश आधी वाचायचा, पूर्णांक मागाहून, कारण दशांशाला पळून जाण्याची घाई असते. श्वास रोखायचा. “आणि बाई, एखाद्या दिवशी जमलं नाही तर रिकामं सोडा. अंदाजानं भरू नका. रिकामी जागा खरी असते.”

“एवढ्या वर्षांत तुमची एकही जागा रिकामी नाही,” मी म्हणाले.

“तुमची होईल,” ते शांतपणे म्हणाले. “त्यानं नोंद मोडत नाही. फक्त अक्षर बदलतं, आणि तुमचं तर माझ्यापेक्षा चांगलं आहे.”

त्याच आठवड्यात मी न राहवून विचारले, “सर, सुजाताला दिशा कळत नसतील असं तुम्हाला खरंच वाटतं?”

पेटीच्या झडपेवरची धूळ ते रुमालाने पुशीत होते. ती पूर्ण पुसून झाल्यावर म्हणाले, “मुद्दाम केलेली चूकसुद्धा जाऊन दुरुस्तच करावी लागते. करणारा वाट बघत असतो.”

दोन महिन्यांसाठी म्हणून सर गेले, त्याला आता तिसरे वर्ष आहे. मैत्रीला दशांश आधी वाचता येतो. सुजाताच्या अंगणातल्या पेटीचे दार पहिल्याच दिवशी उत्तरेला फिरवले गेले. त्या वेळी पोचल्या पोचल्या बूट काढायलाही सर थांबले नव्हते, असे तिने कळवले. या मार्चमध्ये मला त्यांचा एक कागद फोनवर आला. अक्षर मोठे, गोल, बहुधा मैत्रीचे. अधूनमधून काने सुटलेले. ‘उन्हाळी हवामान, दृष्टिक्षेप. जालना जिल्हा: किनारा नाही. वाळवंट नाही. डोंगर थोडा. मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे, हवा कोरडी, धुळीच्या वावटळी. ज्येष्ठांच्या प्रकृतीला अपायकारक. निष्कर्ष: प्रवास टाळावा.’ तो मी कोरून लिहून काढला आणि चाचांच्या भिंतीवर लावला. चाचांनी वाचून मान हलवली. “खोटं बोलून राह्यले. पण आकडा बराबर हाये.”

मला मात्र सर आठवतात ते निघण्याच्या दिवशीचे. जालन्याहून संध्याकाळची मुंबईची गाडी गाठायची होती. सांडूअण्णांची जीप शाळेच्या फाटकात उभी, इंजिन चालू. हॉटेलातले झाडून सगळे रस्त्यावर. माझ्या घड्याळात दोन वाजून पंचवीस. सर जीपमधून उतरतील, शेवटची नोंद स्वतः घेतील, असे सर्वांनीच धरले होते. अण्णांनी तर कौतुकाने दारही उघडून ठेवले. सर उतरले नाहीत. त्यांनी खिशातून पेटीची किल्ली काढली, काळी छत्री काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिली. मग मनगटावरचे घड्याळ सोडून खिशात घातले आणि तोंड रस्त्याकडे वळवले.

मी मैदान ओलांडले. कुलूप काढले. श्वास रोखला, दशांश वाचला, पूर्णांक वाचला, वहीत लिहिले, आणि आपल्या हातून हे झाले या आनंदात छत्री तिथेच टाकून जीपकडे धावत सुटले. अण्णा ओरडत होते, “सर, चला आता, गाडी निघून जाईन!” मी धापा टाकत खिडकीशी पोचले आणि सांगायला तोंड उघडले.

सरांनी हात वर केला. “सांगू नका. नोंदवलंत ना?”

“हो.”

“मग झालं.”

जीप वळली. रेणुकाईच्या देवळापर्यंत त्यांचा हात बाहेर दिसत होता. मी परत आले तेव्हा लक्षात आले, घाईत पेटीचे दार मी सताड उघडे टाकून आले होते. जवळ जाऊन पाहिले. भर दुपार होती, मैदान पांढरे पडले होते, आणि आत, तापमापकावर, सावली होती.